पहिल्या दाढेवर उभे राहिलेले शास्त्र

दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आई-वडील ऑर्थोडॉन्टिस्टकडे जातात. दात पुढे आलेले असतात किंवा हनुवटी मागे राहिलेली असते. डॉक्टर मुलाला दात मिटायला सांगतात, गाल किंचित बाजूला सारून मागच्या दाढांकडे पाहतात आणि केसपेपरवर क्लास वन, क्लास टू किंवा क्लास थ्री यांपैकी एक शब्द लिहितात. मग मुलाचे डोके एका चौकटीत स्थिर धरून बाजूने क्ष-किरण छायाचित्र काढले जाते. मुंबई-पुण्यातच नव्हे, तर जगभरातील दवाखान्यांत हे दोन टप्पे आज नित्याचे झाले आहेत. यातील पहिला टप्पा एडवर्ड हार्टली अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली घालून दिला. दुसऱ्या टप्प्याने, अँगल यांच्या मृत्यूनंतर, पहिल्या टप्प्याची मर्यादा जगापुढे मांडली. ती मांडणारा त्यांचाच विद्यार्थी होता आणि ती ज्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, ते त्यांच्याच स्मरणार्थ काढलेले होते.

अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हेरिक येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. सात भावंडांतील ते पाचवे. शाळेतील अभ्यासात त्यांचे मन फारसे रमत नसे. अवजारे, यंत्रे, कोणत्याही वस्तूची जोडणी हा मात्र त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. हाताला असलेले हे कौशल्य पाहून त्यांना एका दंतवैद्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. त्या काळी या व्यवसायात शिरण्याची ती रूढ वाट होती. पुढे फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरी येथून त्यांनी १८७८ मध्ये पदवी घेतली आणि टोवांडा या गावी दवाखाना थाटला.

सुरुवात फार सुखाची नव्हती. छातीच्या विकाराने त्यांना ग्रासले. हवापालटासाठी त्यांनी पेनसिल्व्हेनिया सोडले आणि मिनियापोलिस गाठले. मधल्या काळात दंतवैद्यक बाजूला ठेवून मोन्टाना प्रांतात मेंढीपालनाचाही प्रयोग त्यांनी करून पाहिला. तेथील निष्ठुर हिवाळ्याने कळप गारद केला आणि अँगल रिकाम्या हातांनी मिनियापोलिसला परतले. मेंढ्या जगल्या असत्या, तर दंतवैद्यकाच्या एका शाखेचा इतिहास बहुधा वेगळा लिहावा लागला असता.

त्या वेळी वाकडे दात सरळ करणे ही स्वतंत्र विद्या मानली जात नव्हती. दात काढणे, पोकळ्या भरणे, कवळ्या बनवणे हाच दंतवैद्याचा मुख्य उद्योग होता. वेड्यावाकड्या दातांचा रुग्ण आलाच, तर प्रत्येक वैद्य आपल्या बुद्धीप्रमाणे स्प्रिंग, स्क्रू, पट्ट्या जुळवून एखादे साधन तयार करी. ते साधन त्या एका रुग्णापुरतेच उपयोगी पडे. यंत्रांत रमणाऱ्या अँगल यांना हा गोंधळ खटकला. ठरावीक मापांचे मोजके सुटे भाग कारखान्यात तयार व्हावेत आणि कोणत्याही वैद्याला ते जोडून वापरता यावेत, अशी पद्धत त्यांनी आखली. वॉशिंग्टन येथे १८८७ मध्ये भरलेल्या नवव्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी ती मांडली. यातील काही कल्पना आधीच्या वैद्यांच्या आहेत, असा आक्षेप लगेच घेतला गेला आणि वाद पेटला. वाद ही पुढे अँगल यांच्या आयुष्यातील नेहमीचीच गोष्ट झाली. मिनेसोटा विद्यापीठात ते शिकवत होते, दवाखानाही उत्तम चालत होता. तरीही १८९२ मध्ये त्यांनी इतर सर्व दंतोपचार थांबवले आणि केवळ दातांची ठेवण सुधारण्याच्या कामाला स्वत:ला वाहून घेतले. अशा एकाच कामावर उपजीविका चालेल, याची खात्री तेव्हा कोणालाही नव्हती.

शिकागो आणि सेंट लुईस येथील महाविद्यालयांतही त्यांनी अध्यापन केले. तथापि, या विषयाला अभ्यासक्रमात कोपऱ्यात ढकलले जाते, हे शल्य त्यांना सतत बोचत राहिले. अखेर महाविद्यालयांचा नाद सोडून त्यांनी सेंट लुईस येथे १९०० मध्ये स्वत:ची शाळा काढली. आधीच पदवी घेतलेले दंतवैद्य तेथे काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी येत. याच सुमारास या विषयातील तज्ज्ञांची जगातील पहिली संस्थाही उभी राहिली आणि अँगल तिचे पहिले अध्यक्ष झाले. दंतवैद्यकातील पहिली स्वतंत्र विशेष शाखा म्हणून ऑर्थोडॉन्टिक्सचा जन्म असा झाला.

शाखा उभी राहण्यासाठी आधी एक भाषा लागते. ती भाषा अँगल यांनी १८९९ मध्ये दिली. तोवर कोणाचे दात कसे वाकडे आहेत, हे सांगायला लांबलचक वर्णन करावे लागे. अँगल यांनी सगळी भिस्त एका दातावर ठेवली. वरच्या जबड्यातील पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती दुधाच्या दातांच्या मागे, मोकळ्या जागेत उगवते आणि तिची मुळे भक्कम असतात. म्हणून ती आपली जागा सहसा चुकत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. या दाढेला स्थिर मानायचे आणि खालची दाढ तिच्याशी कशी जुळते, एवढेच पाहायचे. वरच्या दाढेचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत नीट बसला, तर पहिला वर्ग. खालची दाढ त्याहून मागे असेल, तर दुसरा. पुढे असेल, तर तिसरा. दुसऱ्या वर्गात दर्शनी दात पुढे झुकलेले आहेत की आत कलले आहेत, यावरून दोन पोटभाग. क्ष-किरणांची गरज नाही, मोजपट्टीची नाही. एक आरसा आणि एक नजर पुरेशी. साधेपणातच या वर्गीकरणाचे सामर्थ्य होते. सव्वाशे वर्षे लोटली तरी ते मोडीत निघालेले नाही, यात आश्चर्य नाही.

मात्र या साधेपणात एक गृहीतक दडलेले होते. दाढ जबड्यात घट्ट बसलेली असेल. पण तो जबडा कशावर बसलेला आहे? वरचा जबडा हा हवेत तरंगणारा भाग नव्हे. तो कवटीच्या तळाला जोडलेला असतो. तो जबडाच मुळात पुढे किंवा मागे असेल, तर त्यातील दाढही त्याच्याबरोबर पुढे-मागे असणार. चालत्या गाडीतील प्रवाशाला स्थिर धरून रस्त्यावरील अंतर मोजावे, तसा हा प्रकार होता. हा दोष समकालीनांच्या लक्षात आला नव्हता असे नाही. शिकागोचे कॅल्व्हिन केस दातांइतकेच चेहऱ्याच्या बाजूकडील रेषेकडे पाहण्याचा आग्रह धरत होते. पुढे १९२० च्या दशकात बर्लिनचे पॉल सायमन यांनी दातांचे साचे डोक्यावरील खुणांच्या संदर्भात पाहण्याची पद्धत मांडली. परंतु जिवंत माणसाच्या कवटीचा तळ डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांना लागत नाही. त्यामुळे त्यांचे म्हणणे निर्णायकपणे सिद्ध करणे तेव्हा शक्य नव्हते आणि अँगल यांना ते मान्य नव्हते.

अँगल यांची श्रद्धा अशी होती की, निसर्गाने प्रत्येक माणसासाठी बत्तीस दातांची पूर्ण, सुसंगत रचना योजलेली आहे. ते दात योग्य रीतीने एकमेकांवर बसवले की चावण्याच्या क्रियेतून हाडाला चालना मिळते, जबडा हवा तेवढा वाढतो आणि चेहरा आपोआप सुंदर होतो. कामाच्या ताणानुसार हाडाची घडण बदलते, हा जर्मन शल्यवैद्य युलिअस वोल्फ यांचा सिद्धांत त्यांना या श्रद्धेचा आधार वाटला. दातांचा आदर्श म्हणून त्यांनी एक कवटी निवडली होती. तिच्यातील दातांची ठेवण इतकी निर्दोष होती की, अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाचे लाडके नाव, ओल्ड ग्लोरी, तिला देण्यात आले होते. चेहऱ्याचा आदर्श म्हणून मात्र त्यांनी अपोलो बेल्व्हेडिअर या प्राचीन संगमरवरी पुतळ्याकडे पाहिले. दातांचा नमुना एका डोक्यातला आणि चेहऱ्याचा दुसऱ्याच, तोही दगडाचा, ही विसंगती होतीच. सेंट लुईसमधील चित्रकार व कलाशिक्षक एडमंड वुअर्पेल यांच्याकडे त्यांनी सुंदर चेहऱ्याचा सर्वांना लागू पडणारा नियम मागितला. असा एकच नियम असू शकत नाही, प्रत्येक चेहऱ्याची घडण आपली आपली असते, असे वुअर्पेल यांनी त्यांना समजावले. अँगल यांनी त्यांना आपल्या शाळेत शिकवायला बोलावले. उपचारातील एकच एक आदर्श मात्र सोडला नाही.

या आग्रहाची कसोटी दात काढण्याच्या प्रश्नावर लागली. जबडा लहान आणि दात मोठे असतील, तर जागा करण्यासाठी काही दात काढावेत की नाही? सुरुवातीच्या काळात अँगल स्वत: प्रसंगी दात काढत असत. पुढे त्यांनी हे सर्वस्वी निषिद्ध ठरवले. निवडक रुग्णांत दात काढणे आवश्यक आहे, असे केस यांनी १९११ मध्ये साधार मांडले, तेव्हा अँगल यांच्या पक्षातील मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. शास्त्रीय मतभेदाला व्यक्तिगत वैराचे रूप आले. अँगल यांचा दबदबा असा होता की, अमेरिकेत पुढील सुमारे २५ वर्षे त्यांचेच मत प्रमाण मानले गेले. ज्या मुलांच्या जबड्यात जागाच नव्हती, त्यांचेही सगळे दात कमानीत ओढूनताणून बसवले गेले.

स्वभावाने अँगल तापट होते. शिष्यांवर ते जीव लावत, त्यांच्याकडून अचूक कामाची अपेक्षा करत आणि मतभेद दिसला की नाते तोडत. आपण काढलेल्या संस्थेशीही त्यांचे फार काळ जमले नाही. प्रकृती साथ देत नव्हती. शाळा सेंट लुईसहून कनेटिकट राज्यातील न्यू लंडन येथे आणि पुढे कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे गेली. या सगळ्या वाटचालीत त्यांना साथ होती ती ॲना हॉपकिन्स यांची. सेक्रेटरी म्हणून आलेल्या ॲना यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली. या शाखेतील पहिल्या महिला तज्ज्ञांत त्यांची गणना होते. अँगल यांचा पहिला विवाह संपुष्टात आल्यानंतर १९०८ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. पॅसाडीनातील विद्यार्थ्यांना मदर अँगल यांचा मोठा आधार वाटत असे.

निवृत्तीसाठी म्हणून कॅलिफोर्नियात आलेले अँगल प्रत्यक्षात थांबले नाहीत. आरंभी त्यांचे साधन म्हणजे दातांबाहेरून फिरवलेली एक जाड कमान होती. ती दात ओढू शके, पण दाताचे मूळ हवे तसे फिरवू शकत नसे. त्यातील उणिवा दूर करत त्यांनी एकामागून एक साधने तयार केली आणि डझनावारी पेटंट मिळवली. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी आपले अखेरचे साधन सिद्ध केले. प्रत्येक दातावर एक छोटी धातूची कडी, तिच्यात ०.०२२ बाय ०.०२८ इंचांची आयताकृती खाच आणि त्या खाचेत चपखल बसणारी चौकोनी कडांची तार. गोल तार खाचेत फिरते, आयताकृती तार फिरत नाही. म्हणून तिला दिलेला पीळ थेट दाताच्या मुळापर्यंत पोहोचतो. एजवाइज नावाचे हे साधन १९२८ मध्ये त्यांनी लेखांद्वारे जगापुढे ठेवले. आज मुलांच्या दातांवर दिसणाऱ्या बहुतेक ब्रेसेसचे कुळ या खाचेपर्यंत जाऊन पोहोचते. त्यानंतर दोनच वर्षांनी, ११ ऑगस्ट १९३० रोजी, सँटा मोनिका येथे वयाच्या ७५ व्या वर्षी अँगल यांचे निधन झाले.

शिष्यांनी गुरूच्या स्मरणार्थ संस्था आणि नियतकालिक काढले. ‘द अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट’ या नियतकालिकाच्या १९३१ मधील पहिल्याच खंडात होली ब्रॉडबेंट यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. ब्रॉडबेंट यांनी पॅसाडीना येथे अँगल यांच्याकडे शिक्षण घेतले होते. नंतर क्लीव्हलँडला त्यांनी शरीररचनाशास्त्रज्ञ विंगेट टॉड यांच्यासमवेत काम केले. कवट्या मोजण्याच्या चौकटीत फेरफार करून त्यांनी जिवंत माणसाचे डोके स्थिर धरणारी चौकट बनवली. कानांत दोन दांड्या, ठरलेले अंतर, ठरलेली दिशा. त्यामुळे एकाच मुलाची वर्षानुवर्षे घेतलेली छायाचित्रे एकमेकांवर ठेवून तुलना करता येऊ लागली. जर्मनीतील हर्बर्ट होफ्राथ यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे अशीच पद्धत मांडली. क्लीव्हलँडमध्ये बोल्टन कुटुंबाच्या आर्थिक साहाय्याने हजारो मुलांची अशी छायाचित्रे घेतली गेली. जो भाग आजवर डोळ्यांआड होता, तो कवटीचा तळ आता काचेवर स्पष्ट दिसू लागला.

कवटीचा तळ म्हणजे मेंदू ज्यावर विसावतो ती हाडांची बैठक. ती सपाट नसते. नाकाच्या मुळापासून मागे जाणारा तिचा पुढचा भाग आणि तेथून मानेकडे उतरणारा मागचा भाग यांच्यामध्ये, पीयूषिका ग्रंथीच्या खोबणीपाशी, एक वाक असतो. बाजूने पाहिल्यास हा कोन साधारण १३० अंशांच्या आसपास भरतो. माणसागणिक त्यात फरक पडतो. वरचा जबडा पुढच्या भागाखाली टांगलेला असतो. खालचा जबडा कानापुढच्या सांध्यात कानशिलाच्या हाडाशी जोडलेला असतो आणि ते हाड तळाच्या मागच्या भागाबरोबर जाते. म्हणजेच दोन जबड्यांचे टेकू या वाकाच्या दोन बाजूंना आहेत. कोन अधिक उघडा असेल, तर सांधा मागे सरकतो आणि त्याच्याबरोबर खालचा जबडाही मागे राहण्याची शक्यता वाढते. कोन अधिक मिटलेला आणि तळ आखूड असेल, तर सांधा पुढे येतो आणि हनुवटी पुढे निघू शकते. तळाच्या पुढच्या भागाची वाढ वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत बव्हंशी पूर्ण होते. मागच्या भागातील कूर्चेचा सांधा मात्र किशोरवयापर्यंत वाढत राहतो. दाढ जुळते की नाही, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तरी दाढेपासून कितीतरी वर, असे लपलेले होते. अँगल या नावाचा अर्थच कोन, आणि अँगल यांच्या हिशेबातून निसटला तोही एक कोनच, हा भाषेतील योगायोग म्हणायचा.

पाठोपाठ आणखी एक धक्का बसला, तोही आतूनच. अँगल यांचे निष्ठावंत विद्यार्थी ॲलन ब्रॉडी यांनी इलिनॉय विद्यापीठातील सहकाऱ्यांसह १९३८ मध्ये उपचारापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे ताडून पाहिली. तारांमुळे झालेला बदल मुख्यत: दातांभोवतीच्या हाडापुरता मर्यादित असल्याचे त्यांना दिसले. जबड्याचा पाया वाढवण्याची जी आशा अँगल यांनी बाळगली होती, तिला पुरावा मिळाला नाही. स्वीडनचे आर्ने ब्यॉर्क यांनी १९४७ च्या आपल्या प्रबंधात १२ वर्षांची मुले आणि सैन्यात दाखल झालेले तरुण यांच्या चेहऱ्यांची तपशीलवार मोजमापे घेतली आणि जबडे पुढे-मागे असण्याचा कवटीच्या तळाच्या आकाराशी असलेला संबंध मांडला.

प्रत्यक्ष रुग्णांच्या बाबतीत सर्वांत मोठी किंमत चुकवली ती चार्ल्स ट्वीड यांनी. अँगल यांच्या अखेरच्या शिष्यांपैकी ते एक. ॲरिझोनात त्यांनी केवळ एजवाइज साधनावर दवाखाना चालवला आणि गुरूच्या शब्दाखातर एकही दात न काढता उपचार केले. काही वर्षांनी आपल्याच रुग्णांचे दात पुन्हा वेडेवाकडे झालेले आणि ओठ पुढे आलेले त्यांना दिसू लागले. अनेक रुग्णांना त्यांनी परत बोलावले, चार उपदाढा काढून विनामूल्य पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये अशा १०० रुग्णांचे साचे व छायाचित्रे व्यवसायबंधूंसमोर मांडली. ॲना अँगल यांना आणि जुन्या शिष्यांना हा गुरुद्रोह वाटला. ऑस्ट्रेलियात परतलेले अँगल यांचे दुसरे शिष्य रेमंड बेग यांनीही त्याआधीच, १९२८ पासून, गरजेनुसार दात काढायला सुरुवात केली होती.

याचा अर्थ कवटीच्या तळाचा कोन मोजला की सगळे कोडे सुटते, असा मात्र नव्हे. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. खालचा जबडा पुढे असलेल्यांमध्ये तळ आखूड आणि कोन लहान असल्याचे अनेकांना आढळले. खालचा जबडा मागे असलेल्यांबाबत काहींना कोन मोठा दिसला, तर काहींना लक्षणीय फरक दिसला नाही. जबड्यांची स्वत:ची लांबी, वाढीची दिशा, आनुवंशिकता, अंगठा चोखण्यासारख्या सवयी यांचाही वाटा असतो. एका दाढेच्या जागी एका कोनाची प्रतिष्ठापना करणे, ही अँगल यांच्याच चुकीची पुनरावृत्ती ठरली असती.

मृत्यूनंतर अँगल यांच्या मतांपैकी बरीच मागे पडली. त्यांची भाषा आणि त्यांची खाच तेवढी टिकली. ते स्वत: ज्या ठिकाणी थांबले, तेथून पुढची वाट शोधण्याची हिंमत ज्यांनी दाखवली, ते जवळजवळ सगळे त्यांच्याच शाळेतून बाहेर पडले होते. अचूक पाहा आणि काटेकोर मोजा, ही शिस्त त्यांनी विद्यार्थ्यांच्या हातात मुरवली होती. तीच शिस्त अखेर गुरूच्या शब्दापेक्षा मोठी ठरली. आजही डॉक्टर आधी दाढ पाहतात, मग कवटीचे छायाचित्र मागवतात. पहिली नजर अँगल यांची असते, दुसरी त्यांच्या शिष्यांची, आणि समोर बसलेल्या मुलाच्या चेहऱ्याचा निर्णय या दोन्ही जुळवूनच घेतला जातो.